गाठ नसलेलं यंत्र

लटारीभाऊ कोणतीही वस्तू घेण्याआधी ती बोटाच्या पेराने ठोकत आणि कान जवळ नेत. टरबूज ठोकणारे जगात पुष्कळ आहेत. भाऊ कुकर ठोकत, दार ठोकत, प्लास्टिकची खुर्ची ठोकत. नागपूरच्या एका चकचकीत दुकानात त्यांनी संगीत वाजवायचं महागडं यंत्र ठोकलं, तेव्हा तिथल्या सेल्समनने हात जोडले. मी सोबत होते, म्हणून सांगते.

तसा त्यांचा दोष नव्हता. सगळी नोकरी त्यांनी लाकूड डेपोवर सागाची प्रतवारी करण्यात घालवली. लठ्ठ्याच्या एका टोकाला हातोडी मारायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि आतून भरीव की पोकळ ते सांगायचं. लिलावाला आलेले व्यापारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. भाऊ म्हणाले, "याच्यात गाठ आहे," की लठ्ठा गेला खालच्या प्रतीच्या थप्पीत. निवृत्त होऊन पोंभुर्ण्याला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले तेव्हा डेपो सुटला, प्रतवारी सुटली नाही. माझ्या शाळेत, माझ्या भाजीत आणि माझ्या नवऱ्यातही त्यांना गाठ सापडली. नवऱ्याच्या बाबतीत मी वाद घातला नाही.

त्यांच्या बायकोचं नाव कौसल्याबाई. दोघं आलापल्लीच्या जंगलात क्वार्टरमध्ये राहायची तेव्हा संध्याकाळी रेडिओवर कधी कधी बासरी लागायची. निम्मी बासरी, निम्मी खरखर. बाई चूल सोडून रेडिओपाशी येऊन बसायच्या. तेव्हा भाऊंनी त्यांना वचन दिलं होतं. "निवृत्त होऊ दे मले. तुले अशी बासरी ऐकवतो का वाजवणाऱ्याचा श्वास बी ऐकू आला पाह्यजे." हे मला सांगताना बाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या, नव्या नवरीसारख्या.

आता वचन पाळायचं तर पाळावं ना सरळ! पण भाऊंनी इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली आणि तिथेच घोडं अडलं. त्यांना कळलं की मोबाईलवरची गाणी दाबून, पिळून लहान केलेली असतात. ध्वनिमुद्रण झालं तसं अख्खं, भरगच्च संगीत पाहिजे असेल तर ते विकत घेऊन डाउनलोड करावं लागतं. मग घरातल्या डिस्कवरून ते उचलून स्पीकरपर्यंत शुद्ध पोचवायला नेटवर्क प्लेअर नावाचं यंत्र लागतं. भाऊंनी डाउनलोड सुरू केलं. एक बासरी उतरायला दुपार लागायची, आणि त्या दुपारी गल्लीत कोणाचंच नेट चालायचं नाही. ॲम्प्लिफायर आला. स्पीकर आले, त्यांची खोकी भाऊंनी स्वतः निवडलेल्या सागाची करवून घेतली. यंत्र ठेवायला सागाचीच मांडणी झाली. दसऱ्याला त्या रिकाम्या मांडणीला झेंडूचा हार पडला, हळदकुंकू वाहिलं गेलं. मी प्रसाद खाल्ला आणि देव कुठे आहे म्हणून विचारलं. भाऊ म्हणाले, "पाहून राह्यलो."

ते पाहणं काही वर्षं चाललं. पहिल्या यंत्रात दोन रागांच्या मध्ये क्षणभर आवाज तुटायचा, म्हणून ते बाद. दुसऱ्यात एका प्रकारच्या फायली वाजत नव्हत्या. भाऊंकडे त्या प्रकारची एकही फाइल नव्हती, पण उद्या आली तर? तिसऱ्याचं ॲप भिकार. चौथ्याची कंपनी उद्या बुडाली तर ॲप सुधारणार कोण? पाचवं, जपानी, सगळ्यात बसत होतं, तर त्याची पुढची आवृत्ती येणार अशी बातमी आली. भाऊ थांबले. त्यांचा सिद्धांत तयार होता: "ओलं लाकूड घाईनं कापलं का फाटते, मॅडम. सुकू द्यावं लागते." यंत्र जपानमध्ये सुकत होतं आणि आम्ही पोंभुर्ण्यात वाट बघत होतो.

वाट बघायला वेळ असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण मधल्या काळात बाईंना ऐकू कमी यायला लागलं. आधी फोनची घंटा गेली, मग पाखरं गेली. नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायला आम्ही तिघं गेलो होतो, तीच ती दुकानाची खेप. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे वाढत जाणार, कानातल्या मशीनचा थोडाच उपयोग होईल, त्यांना जे ऐकायचं ते आत्ताच ऐकून घेऊ द्या. भाऊंनी मान हलवली. त्याच दुपारी दुकानात जाऊन त्यांनी यंत्र ठोकलं आणि सेल्समनला विचारलं की हे किती उंच स्वरापर्यंत जातं. माणसाच्या कानाला ऐकू येतं त्याच्या कितीतरी वर, असं उत्तर आलं. भाऊंना तेवढ्याने समाधान नव्हतं. शेजारी उभ्या बायकोला मी बोललेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत होतं, आणि हा गृहस्थ वटवाघळांसाठी खरेदी करत होता. मी तिथेच चिडले. भाऊ शांतपणे म्हणाले, "याच्यात गाठ आहे, मॅडम. तिच्यासाठी घ्यायचं आहे. असं तसं कसं घेऊ?"

मी बाईंना घेऊन सरळ बसस्टँडची वाट धरली.

शेवटी मीच एकदा आमच्या मागच्या ओट्यावर बाईंना बसवलं, मोबाईलवर बासरी लावली आणि तो त्यांच्या कानाला धरला. त्यांचे डोळे मिटले. थोडा वेळ ऐकलं आणि त्यांनी हळूच माझा हात बाजूला केला. "नको मॅडम. त्यायनं इतकं जमवून ठेवलं माह्यासाठी. मी आधीच चोरून ऐकलं तं त्यायले काय वाटन?" मी म्हटलं, बाई, त्यांचं यंत्र येईपर्यंत तुमचे कान राहतील का? त्या हसल्या. "लग्नाच्या वक्ती बी असंच केलं यायनं. लय पोरी पाह्यल्या, साऱ्याइत गाठ होती. माह्यापाशी आले तं मुकाट्यानं हो म्हणले. यंत्र बी येइन, थांबा." त्या नवऱ्याच्या बाजूने बोलत होत्या. मी मोबाईल पिशवीत टाकला.

मग एका सकाळी कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. आमच्याकडे ऐकू येत होत्या. थांबेनात म्हणून मी भिंतीला वळसा घालून गेले, तर बाई गॅसपासून हातभर अंतरावर निवांत लसूण सोलत बसलेल्या. भात जळाल्याचा वास सुटलेला. दारात भाऊ उभे होते. ते कुकरकडे बघत नव्हते, बाईंच्या पाठीकडे बघत होते. गॅस मी बंद केला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते नागपूरला गेले आणि संध्याकाळी खोकं घेऊन परतले. यंत्र कोणतं आणलं असेल? अगदी पहिलं. दोन रागांच्या मध्ये आवाज तुटणारं, सगळ्यांत आधी बाद केलेलं. ठोकलं का, असं मी विचारलं. ते खोकं फोडायला बसले.

बाईंना मांडणीसमोर खुर्चीत बसवलं. कानात मशीन घातलं. भाऊंनी बासरी लावली. खोटं कशाला बोलू, असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. स्वर सुरू होण्याआधी वाजवणाऱ्याने श्वास घेतला, तो खोलीतच कोणीतरी घेतल्यासारखा वाटला. बाई हात मांडीवर ठेवून वाट बघत होत्या. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "सुरू झालं का?"

भाऊंनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. खिडकीची तावदानं थरथरायला लागली. बाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग उठून स्पीकरच्या सागवानी खोक्यावर तळवा टेकवला. तसाच ठेवला. "येऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. "लाकूड चांगलं निवडलं तुमी. भरीव आहे." भाऊ मागच्या दाराने निघून गेले. बैल गेला आणि झोपा केला, हे सुनावायला मी इतकी वर्षं टपून बसले होते. ते राहिलं. मी खुर्ची उचलून बाईंच्या मागे सरकवली.

त्यानंतर भाऊंनी कशातही गाठ काढली नाही. भाजी देईन ती खात, दारावर येईल ते घेत. मला ते मुळीच आवडलं नाही. मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा छातीत कळ येऊन एका दुपारी ते गेले. तिरडी बांधायला बांबू आणले, तेव्हा त्यातला एक ठोकून बघणारं कोणी नव्हतं, आणि मला भलत्या वेळी रडू फुटलं.

यंत्र अजून चालू आहे. संध्याकाळी बाई मला हाक मारतात. मी जाऊन बासरी लावून देते आणि त्या खोक्यावर तळवा ठेवून बसतात. दोन रागांच्या मध्ये क्षणभर आवाज तुटतो, तेव्हा त्यांचा हातही जरासा उचलला जातो. भाऊ, तुमचं यंत्र उत्तम आहे, त्यात श्वास ऐकू येतो. पण तो मला ऐकवायला घेतलं नव्हतं तुम्ही.

बाई रोज एकदा विचारतात, "श्वास येते का ऐकू, मॅडम?" मी त्यांना दिसेल अशी मोठी मान हलवते.

"मंग झालं," त्या म्हणतात. "त्यायची निवड चुकत नाई कधी."