लूमच्या चामड्याचे ब्रेक

भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असायचे. त्या एका दिवशी आमच्या गल्लीतली माणसं माणसांसारखी बोलायची, एरवी बोलणं म्हणजे ओरडणंच. निजामपुऱ्याच्या त्या गल्लीत आमच्या घराची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच होती. पाहुण्यांना वाटायचं, ह्यांच्याकडे सतत भांडणं चालू असतात. आम्ही बापडे मीठ मागत असायचो.

बाबा त्याच कारखान्यात मिस्त्री होते. लूम अडला की तो चालू करून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताला यश होतं, आणि हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. स्टोव्ह, पंप, शिलाई मशीन, जे बिघडेल ते घेऊन लोक शुक्रवारी आमच्या दारात हजर. 'मिस्त्रीजी, जरा देख लो' म्हटलं की बाबा पायरीवर बैठक मारायचे. आई करवादायची, "सुट्टीच्या दिवशी तरी हात धुवा." बाबा म्हणायचे, "धुतलेच हायेत, तेलानं."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी शाळेत होते आणि दादा कॉलेजात. त्यानं ठाण्याला कुणाकडे तरी जाड टायरची, सरळ हँडलची, डोंगरात चालवायची सायकल पाहिली आणि गडी हट्टाला पेटला. जेवताना सायकल, झोपताना सायकल. आम्हाला वीट आला. शेवटी बाबा म्हणाले, "इकत आणायची बात न्हाय. बनवू."

आणि बनवली. स्वतःच्या काळ्या सायकलीचे मडगार्ड त्यांनी काढून टाकले, वाकडं हँडल काढून सरळ पाइप बसवला, सीट खाली घेतली, भंगारातून जाड टायर शोधून आणले. स्वतः मात्र बाहेरची सगळी कामं चालत करायला लागले, कामाला तर भिंतीपलीकडेच जायचं म्हणून. ती सायकल इतकी कुरूप दिसायची की मी तिला म्हैस म्हणायचे. दादाचे पाय मात्र जमिनीवर टिकत नव्हते. शुक्रवार उजाडला की मित्रांबरोबर स्वारी वज्रेश्वरीच्या बाजूला पळायची, तिथल्या डोंगरात गुरांच्या आणि लाकूडवाल्यांच्या वाटा होत्या. सायकल खांद्यावर घेऊन वर चढायचं आणि बसून खाली यायचं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा फक्त डोळे तेवढे स्वच्छ असायचे.

तिथल्या दगडधोंड्यांत ब्रेकचं रबर दोन-तीन फेऱ्यांतच झिजून जायचं. बाबा विचारात पडले. लूमलाही ब्रेक असतो. आडवा धागा तुटला की एवढं धाडधाड चालणारं धूड जागच्या जागी थांबावं लागतं, आणि त्या ब्रेकला आतून चामड्याची जाड पट्टी लावलेली असते. बाबांनी तसली पट्टी कापली, रिबिट ठोकले आणि रबराच्या जागी बसवली. मग गल्लीत परीक्षा झाली. दादा सायकलीवर, मागून दोन पोरं ढकलतायत आणि चाक काही हलत नाही. बाबा आईला म्हणाले, "लूम थांबतो, तिथं ह्ये पोर काय थांबनार न्हाय?" जन्मात त्यांना मी एवढं खूश पाहिलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता एका शुक्रवारी आम्ही सगळेच वज्रेश्वरीला गेलो. आईचे गुडघे धरले होते, तिला गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं होतं. आई, बाबा आणि मी एसटीनं गेलो, दादा सायकलवर पहाटेच निघाला. खरं तर बाबांना त्याला उतरताना बघायचं होतं. मिस्त्रीला आपलं काम चालताना बघायची हौस असतेच. आईला कुंडावर बसवून आम्ही दोघं देवीच्या देवळाच्या त्या किल्ल्यासारख्या तटाला वळसा घालून मागच्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिलो.

दादा वर दिसला. मधे एक ओहोळ वाहत होता, गुडघ्याएवढा. तो त्यानं पाणी उडवत पार केला, बाबांनी टाळीसुद्धा वाजवली. ओहोळापुढे सरळ उतार होता आणि उताराच्या शेवटी शेताचा दगडी बांध. दादा येत होता, येत होता, वेग काही कमी होईना. त्याचं तोंड उघडं होतं. मला वाटलं ओरडतोय. बाबा पुढे धावत हातवारे करत होते, कारखान्यात लांबच्या माणसाला 'बंद कर' म्हणून सांगायची खूण असते तशी. सायकल बांधाला धडकली आणि दादा बांधापलीकडे पडला.

मांडीचं हाड मोडलं होतं. गावकऱ्यांनी बाज आणली, जीप शोधायला माणूस धावला. तेवढ्यात बाबा सायकलीपाशी गेले. त्यांनी ब्रेकचं चामडं अंगठ्यानं दाबलं. त्यातून पाणी आलं. अंगठा माझ्यापुढे धरून म्हणाले, "भिजलं गं बाय. कारखान्यात पानी कुठं असतं? माझ्या ध्यानातच न्हाय आलं." बस्स. पुढे कुणी काही विचारायची गरजच उरली नाही.

दादाचा पाय जुळला, पण किंचित आखूड राहिला. त्याला पोलीस भरतीत जायचं होतं, ते बारगळलं. पुढे अंजूरला नवी गोदामं झाली, त्यातल्या एकात तो चिकटला, लग्न झालं, मुलगा झाला, मजेत होता. मजेत नव्हते ते बाबा. त्यांनी सायकल भंगारात घातली आणि पायरीवर बसणं बंद केलं. कारखान्यात काम करत होते, नाइलाजानं. पण दारात कुणी स्टोव्ह घेऊन आला की म्हणायचे, "दुसऱ्याला दाखवा, माझा हात बरा न्हाय." घरचा पंखा अडला तरी बाहेरचा माणूस बोलवायचे. ज्या हातांचा मला गर्व होता ते हात मांडीखाली दाबून बसलेला माणूस मी रोज बघायचे आणि माझा जीव तुटायचा. मी चिडून म्हणायचे सुद्धा, "बाबा, झालं गेलं, आता किती दिवस?" ते हसल्यासारखं करायचे. आणि दादा गोदामावरून आला की चपला काढायच्या आत त्याला विचारायचे, "पाय दुखतो का रे?" दादा म्हणायचा, "थोडा." असं किती वर्षं चाललं.

नव्वदचं दशक संपायच्या आत बाबा गेले. विहारातल्या भंतेजींना बोलावून पुण्यानुमोदन झालं, पाहुणे जेवून पांगले. दुपारी दादा आणि मी पायरीवर बसलो होतो. समोर कुणाचा तरी पोरगा गियरची चकचकीत सायकल फिरवत होता. मला भरून आलं. मी म्हटलं, "बिचारे बाबा. त्या भिजलेल्या ब्रेकनं खाल्लं त्यांना."

दादा पोराकडे बघत अगदी सहज म्हणाला, "अगं, ब्रेक मी दाबलाच नव्हता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"खरंच. तो उतार बघितला आणि म्हटलं, एकदा सोडून बघू. काय मजा आली होती. हसत होतो मी. बांध दिसला तेव्हा उशीर झाला होता, दाबायचं सुचलंच नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आधी भीती वाटली, बाबा मारतील. मग कुणी रागावलंच नाही, सगळे गोड वागायला लागले. मग राहून गेलं."

राहून गेलं. दूध आणायचं राहून जावं तसं. मला इतका संताप आला की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, बाप गेल्यानं सुजलेले त्याचे डोळे बघून हात आखडला. त्यानं जाणूनबुजून छळलं नव्हतं हे मला कळत होतं, आणि तेच जास्त लागत होतं. एका वाक्याचं काम होतं. त्या वाक्यानं बाबांचे हात त्यांना परत मिळाले असते.

मी म्हटलं, "अरे, रोज विचारायचे ना तुला ते. रोज. तेव्हा तरी सांगायचंस."

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

"ब्रेकचं कधी विचारलं गं त्यांनी?" तो म्हणाला. "ते तर पायाचं विचारायचे."