दारावरचा आकडा

नांदेडहून निघण्याआधी चारही टायरची हवा मोजली. सकाळी, टायर गार असताना, गाडी जागची हलवण्याआधी. चार वर्षांपूर्वी एवढी अक्कल नव्हती. वीस-बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याची घमेंड तेवढी होती.

निघालो होतो लातूरला, थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे. बायकोनं विचारलं, अचानक कसे? सहज, म्हटलं. सहज कुठं जाणारा माणूस मी नाही, हे तिला ठाऊक आहे. तिनं पुढं विचारलं नाही.

विष्णुपुरीचं पाणी मागं पडलं आणि उसाच्या ट्रॉल्या लागल्या. सोनखेडपर्यंत त्यांच्या मागं रांगतच गेलो. दोन्ही अंगाला तुरी वाळत उभ्या, मधूनमधून हरभऱ्याचा हिरवा तुकडा. हा रस्ता पूर्वी मला आवडायचा.

लोह्यात एका हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) मागवली. समोर मारोतीचं टायरचं दुकान असायचं. तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकत होती. हॉटेलच्या मालकाला विचारलं.

"मारोती का? त्यो गेला अहमदपूरला, दुसऱ्याच्या दुकानात कामाला," मालक म्हणाला. "नांदेडच्या कुण्या मास्तरची गाडी पलटली होती. ह्यानंच ठासून हवा भरली म्हणत्यात. मग कोण येतंय त्याच्याकडं?"

सुशीला अर्धी टाकून उठलो. तो मास्तर मी.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना होता. गाडीत पाच जण: मी, बायको, अक्का, भाऊजी आणि त्यांची मुलगी. डिकीत आंब्याच्या पेट्या. मारोतीनं चालकाच्या दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी वाचली आणि भरलेल्या गाडीसाठी जो आकडा लिहिला होता, तो धरून हवा भरली. मी त्याला म्हणालो, हवा तापली की फुगते, उन्हात टायर फुटेल, कमी कर. तो म्हणाला, सर, गाडी भरलेली हाय, कमी करू नका. आमच्या गल्लीत उन्हाळा लागला की सगळे मला विचारून हवा कमी करायचे. मी फळ्यावर शिकवायचो तेच त्यांना सांगायचो. टायरवाल्यानं मला शिकवावं?

पुढं रसवंतीवर सगळे उतरले, अक्का तेवढी मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. मी मागं राहिलो आणि किल्लीच्या टोकानं चारही चाकांची हवा सोडली. अंदाजानं. माळाकोळीच्या पुढं मागचं डावं चाक फुटलं आणि गाडी रस्त्याकडेच्या बाभळीला धडकून पलटली.

हवा तापून फुगणार, हे कंपनीनं आकडा ठरवतानाच धरलेलं असतं. हवा कमी असली तर टायर ओझ्याखाली दबतो, प्रत्येक फेऱ्याला मळल्यासारखा दुमडतो आणि आतल्या आत तापतो. एवढं साधं. ते मी नंतर वाचलं. त्याआधी दवाखान्यात, अक्काचा गुडघा बांधत असताना, भाऊजींनी विचारलं, कसं झालं? माझ्या तोंडून निघून गेलं, "लोह्याच्या टायरवाल्यानं जास्त हवा भरली." नंतर ते मी बदललं नाही. उलट जो विचारील त्याला सांगत गेलो.

माळाकोळीच्या पुढची ती बाभूळ अजून आहे. अहमदपुरातून जाताना गाडी हळू केली नाही.

लातूरला अक्का एकटीच घरी होती. गुडघा वळत नाही म्हणून तिची अंगणवाडी सुटली. लेकरांबरोबर खाली बसता येत नाही. ओट्याला टेकून उभ्यानंच तिनं धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट, थापून भाजलेले) केले. मी ताट बाजूला सरकवलं आणि सगळं सांगितलं. मारोतीचं दुकान गेलं, हेही.

तिनं तवा उतरवला. "मी गाडीतच होते की रे बापू, जागी. चारी चाकांपाशी बसून उठलास. फुस्स आवाज आला."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, शिकलेला माणूस हाय, बरोबरच करत असंल." मग म्हणाली, "दवाखान्यात त्याचं नाव घेतलंस तवा कळलं. तू सांगशील म्हणून वाट बघून राहिले. चार वर्षं."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला सांगून काय? त्याला सांग." आणि धपाटे फडक्यात बांधून दिले, पाहुण्याला देतात तसे.

परतताना अहमदपुरात थांबलो. मारोती एका ट्रकचं चाक खोलत होता. त्यानं ओळखलं. मी बोललो ते त्यानं मान खाली घालून ऐकलं, हात चालूच. मग म्हणाला, "दार उघडा. चिठ्ठी वाचा."

गाडी तीच होती, दुरुस्त केलेली. मी वाचली.

"मोठ्यानं, सर. शाळेत वाचता तसं."

ट्रकचे दोन ड्रायव्हर बघत होते. मी वाचलं: दोन-तीन माणसं, तेहतीस. भरलेली गाडी, मागं छत्तीस.

"म्या छत्तीसच भरली होती," तो ड्रायव्हरांकडं बघून म्हणाला, माझ्याकडं नाही. "मला काय सांगता? मला ठाऊकच होतं. लोह्यात सांगा."

हवा बघतोस का, असं मी उगीच विचारलं.

"टायर तापल्यात. आता मोजायची नसते. सकाळी बघायची, घरी." तो परत चाकाकडं वळला.

लोह्यात त्याच हॉटेलात गेलो. सकाळचाच मालक. म्हटलं, तो मास्तर मी. मारोतीनं हवा बरोबर भरली होती, मी सोडली. त्यानं हातातला कप खाली ठेवला. "सकाळी इथंच बसून खात होता की तुम्ही," म्हणाला. आतल्या दोघांना हाक मारली, आणि मला पुन्हा सांगायला लावलं. सांगितलं. त्यांनी ऐकलं. एकानं विचारलं, मग इतके दिवस? दुसरा हसला.

समोर मोबाईलची कव्हरं वाऱ्यावर हलत होती. तिथं मी काही परत आणू शकत नाही. गाडीत धपाट्यांचं फडकं तसंच होतं. नांदेड येईपर्यंत ते सोडलं नाही. घरी बायकोनं विचारलं, कशी आहे अक्का? तिला खाली बसवलं, आणि पुन्हा एकदा, रसवंतीपासून, सगळं सांगायला लागलो.