लातूरच्या वळणाचे पंख

अर्धापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या उज्वलाने पंचेचाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं, आणि तेही डासांच्या पंखांवर. ही बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. नवरा भागवत केळीच्या बागेतून घरी येईपर्यंत त्याला ती रस्त्यात तिघा-चौघांनी ऐकवली होती. त्याला गंमत वाटली. चहा पिता पिता त्याने एवढंच विचारलं, की डास धरायला आपल्याला तर यावं लागणार नाही ना. सासूबाई तुळजाबाईंना मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. डास दिसला की हाणायचा, त्याचा पंख मोजत बसायचं म्हणजे रिकामपणाचा धंदा, असं त्यांनी शेजारणीला उज्वलाच्या देखत सांगितलं.

उज्वलाने ते मनावर घेतलं नाही. त्याआधीच्या पावसाळ्यात गल्लीत चिकुनगुनियाची साथ आली होती. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे महिनोन् महिने धरून राहिले. सकाळी सगळी गल्ली म्हाताऱ्यासारखी कमरेत वाकून चालायची. उज्वलाच्या बोटांत खडू राहत नव्हता. पलीकडच्या दोन गल्ल्यांत मात्र साथ जवळजवळ फिरकलीच नाही. डास तर सगळीकडे सारखेच, मग असं का, हा प्रश्न तिच्या डोक्यात बसला तो उठेचना. नांदेडच्या विद्यापीठात वीरेश सर डासांवर काम करतात असं कळलं, तेव्हा ती थेट त्यांना जाऊन भेटली. सर उदगीरकडचे, बोलायला शांत. त्यांनी सांगितलं, की डास सगळीकडे सारखे नसतात. एकाच जातीचा डास गावागावांत थोडा वेगळा असतो, आणि तो फरक पंखावर नेमका दिसतो. पंखाने तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळेलच असं नाही, पण सुरुवात तिथून करता येईल. उज्वला त्याच दिवशी अर्ज भरून आली.

कामाला जोडीला बुद्धप्रिया मिळाली. ती हिमायतनगरची, वयाने उज्वलाच्या निम्मी, सरांकडेच संशोधन करणारी आणि गाडी चालवण्यात तरबेज. अर्धापूर, उमरी, हिमायतनगर आणि लातूर अशी चार ठिकाणं ठरली. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास त्यांना हवा होता. डेंग्यू आणि चिकुनगुनिया तोच पसरवतो. दोघी घराघरांत जाऊन काळ्या रंगाचे छोटे डबे ठेवायच्या, त्यात पाणी आणि कापडाची एक पट्टी. मादी त्या पट्टीवर अंडी घालते. आठवड्याने पट्ट्या गोळा करायच्या आणि अंडी प्रयोगशाळेत वाढवायची. वाड्या-वस्त्यांवर लोकांना वाटायचं की या कुठल्या तरी योजनेच्या बाया आहेत. हिमायतनगरजवळ एका आजींनी आपलं नाव डब्यावर लिहून घ्या म्हणून हट्टच धरला. बुद्धप्रियाने लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात त्या आजींनी शेजारच्या दोन घरी जाऊन, आपला डबा सरकारी आहे, कुणी हात लावायचा नाही, अशी तंबी दिलेली होती. साऱ्या जिल्ह्यात तेवढा एकच डबा कधी सांडला नाही.

डासाचा पंख जेमतेम तिळाएवढा. तो सुईने अलगद सोडवायचा, काचेवर ठेवायचा, वरून दुसरी पातळ काच दाबायची. मग सूक्ष्मदर्शकातून त्याचा फोटो काढायचा आणि पंखाच्या शिरा जिथे जिथे एकमेकींना मिळतात, त्या जागी संगणकावर ठिपके द्यायचे. या ठिपक्यांवरून पंख केवढा आहे आणि कसा आहे, हे दोन्ही कळतं. सुट्टीत काम अडू नये म्हणून उज्वलाने विद्यापीठातला एक जुना सूक्ष्मदर्शक घरी आणला आणि देवघराच्या बाजूच्या खोलीत मांडला.

मेलेले डास घरात आणले म्हणून तुळजाबाई दोन दिवस त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी उज्वला मान मोडून बसलेली असताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय बघून राहिलीस एवढं?"

उज्वला उठली आणि तिने त्यांना स्टुलावर बसवलं. एक डोळा कसा मिटायचा, हे सांगायला थोडा वेळ गेला. मग तुळजाबाई जे काचेला डोळा लावून बसल्या, त्या उठायचं नाव घेईनात. पिंपळाचं पान पाण्यात कुजलं की नुसती जाळी उरते ना, तसंच हे दिसतं, आणि वर कुणी काठाला झालर लावल्यासारखी आहे, असं त्या शेवटी म्हणाल्या. त्या दिवसापासून दुपारच्या झोपेआधी "आज कुठल्या गावचा हाय?" असं विचारून एक पंख पाहायचा, हा त्यांचा नेमच झाला.

वर्षभरात चारही ठिकाणचे पंख मोजून झाले. लातूरचे पंख सगळ्यात लहान निघाले. तिथे ज्या भागात अंडी गोळा केली, तिथे नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी टिपाडं भरून ठेवलेली. उन्हात तापलेल्या त्या पाण्यात अळ्यांची दाटी, पोटाला कमी, म्हणून अंगही लहान. अर्धापूरला कालव्याचं पाणी आणि केळीची सावली, तिथले पंख चांगले भरलेले. इथपर्यंत सगळं सरांच्या अंदाजाप्रमाणे होतं. पण पंखाचा आकार, म्हणजे शिरांचं वळण, पाहायला घेतलं तेव्हा एक भलतंच झालं. अर्धापूरच्या बाकी सगळ्या गल्ल्या एकीकडे बसल्या आणि उज्वलाच्या स्वतःच्या गल्लीतले डास उठून लातूरकरांच्या पंगतीत जाऊन बसले.

सर म्हणाले, काचांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील, पुन्हा बघा. उज्वलाने सगळं पुन्हा मोजलं. तेच आलं. नवीन अंडी गोळा केली, नवीन डास वाढवले. परत तेच. तिला वाईट वाटू लागलं. आपल्याच गल्लीत गोळा केलेल्या नमुन्यात घोळ, लोक काय म्हणतील, असं तिने बुद्धप्रियाला फोनवर सांगितलं. बुद्धप्रियाचं म्हणणं वेगळंच होतं. दोनदा चूक होईल, तिसऱ्यांदा तीच चूक कशी होईल? पंख खरं बोलत असतील तर, हे एकदा धरून चाल, असं तिने सुचवलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना उज्वलाने हे कोडं सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांना समजावं म्हणून तिने सोपं करून सांगितलं, की खाण्यापिण्याने माणसाचं अंग भरतं किंवा वाळतं, पण नाक घराण्याचं येतं. तसंच पंख लहान की मोठा हे पाण्यावर ठरतं, त्याचं वळण मात्र बरंचसं वंशाचं असतं. तुळजाबाईंनी समोर बसलेल्या भागवतच्या नाकाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आन् आपल्या गल्लीतल्याचं नाक लातूरचं हाय?"

"हाव, आत्याबाई. तेच तर कळंना. डास काय एवढ्या लांब उडत येत नाही. गल्लीच्या बाहेर जायचा त्याला कंटाळा."

भागवतचा घास हातातच राहिला. तारामतीची टिपाडं, असं तो हळूच म्हणाला.

तारामती म्हणजे भागवतची बहीण, लातूरला दिलेली. तिने नवीन घर बांधलं, गच्चीवर मोठी टाकी बसवली आणि जुनी प्लॅस्टिकची टिपाडं नकोशी झाली. लातूरला केळी उतरवून रिकामी परत येणाऱ्या भावाच्या गाडीत ती दोनेक वर्षं टिपाडं घालून देत होती, कधी स्वतःची, कधी शेजाऱ्यांची. चांगली जाड टिपाडं, गल्लीत हातोहात गेली. या डासाची अंडी पाण्याच्या काठाला, टिपाडाच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. पाणी आटलं तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. उज्वला हे वर्गात दर वर्षी शिकवत आली होती. तिने कपाळाला हात लावला आणि तिला हसूच आवरेना.

शेवटच्या खेपेतलं एक टिपाड गोठ्यात तसंच कोरडं पालथं पडलेलं होतं. ताटं तशीच ठेवून तिघंही उठली. भागवतने ते गच्चीवर चढवलं, उज्वलाने पाणी भरलं, तुळजाबाईंनी आपली जुनी मच्छरदाणी काढून त्याच्या तोंडाला घट्ट बांधली. मग रोज सकाळी जिना चढून बघायला कोण आधी जातं, याची शर्यतच लागली. ती तुळजाबाईंनी जिंकली. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर गच्चीवर न गेलेल्या बाईने वरूनच हाक मारली, "उज्वला, वर ये. लातूरची पाव्हणी आलीत."

मच्छरदाणीखाली पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

वीरेश सर हे ऐकून स्वतः अर्धापूरला आले. त्यांनी आनंद दाखवला, पण सावधही केलं. एका टिपाडावरून सिद्ध काही होत नाही, आणि साथ त्यामुळेच आली असं तर अजिबात म्हणायचं नाही. मग उज्वलाने तारामतीच्या गल्लीतली अंडी आणली, आपल्या गल्लीतली घेतली, शेजारच्या गल्लीतली घेतली आणि सगळी एकाच खोलीत, एकसारख्या पाण्यात, एकच खाद्य घालून वाढवली. खाणंपिणं सारखं झाल्यावर पंखांची लांबी जवळजवळ सारखी झाली. लातूरचे लहानखुरे डास भरून आले. पण वळण बदललं नाही. तिच्या गल्लीतले आणि तारामतीच्या गल्लीतले एका घराण्याचे, शेजारच्या गल्लीतले वेगळे. प्रबंधात तिने ते एक शक्यता म्हणून मांडलं, पण मनातून तिची खात्री पटली होती.

तारामतीला फोन केला तेव्हा ती आधी रागावली, मग घाबरली, आणि शेवटी मी माहेराला काय देऊन बसले म्हणत इतकी हसली की ते ऐकून इकडे भागवतलाही हसू फुटलं. गल्लीतल्या बायकांना गोळा करायचं काम तुळजाबाईंनी आपण होऊन घेतलं. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासल्याशिवाय अंडी सुटत नाहीत, हे त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं. दर शुक्रवारी सकाळी गल्लीत टिपाडं आडवी पडू लागली आणि नारळाच्या काथ्याने घासायचा आवाज उठू लागला. घासता घासता गाणी, चेष्टा, एकमेकींवर पाणी उडवणं. पुढच्या पावसाळ्यात डब्यांतल्या पट्ट्यांवर अंडी इतकी कमी आली, की उज्वलाला कामाला नमुने पुरेनात. बुद्धप्रियाने सासूबाईंविरुद्ध तक्रार करायची धमकी दिली.

तोंडी परीक्षेला गल्ली जीप करून नांदेडला गेली. परीक्षक हैदराबादचे होते. त्यांनी बरंच विचारलं, उज्वलाने न अडखळता सांगितलं. शेवटी नियमाप्रमाणे सभागृहात बसलेल्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का, अशी विचारणा झाली. मागच्या रांगेत तुळजाबाई पदर सावरत उभ्या राहिल्या.

"मी तुळजाबाई. हिची सासू. माझं माहेर औशाचं, लातूरकडचं. लग्न होऊन अर्धापूरला आले, आता मला कुणी लातूरची म्हणत न्हाई. तर मला इचारायचंय की हे डास आता कुठले म्हणायचे?"

सभागृहात हसू पसरलं, पण वीरेश सरांनी तो इंग्रजीत करून सांगितल्यावर परीक्षकांनी प्रश्न गांभीर्याने घेतला आणि उज्वलाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, की गल्लीत आल्यापासून त्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या आहेत. इथल्या डासांशी त्यांची सोयरीकही होत असणार, तसं होत गेलं तर वळणही हळूहळू मिसळत जाईल. किती वर्षं लागतील हे अजून कुणी मोजलेलं नाही.

"पण आत्याबाई, माझ्या हिशेबाने ते आता अर्धापूरचेच."

तुळजाबाईंचं समाधान झालं. त्या खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या की बरोबर सांगितलं. परीक्षकांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं, तेव्हा टाळ्या थांबेनात, आणि भागवत डोळे पुसायला बाहेर गेला तो बराच वेळ आत आला नाही.

विद्यापीठाच्या आवारात कडुलिंबाखाली सतरंजी पसरून सगळे जेवले. गल्लीने ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी आणि पुरणपोळ्या आणल्या होत्या. परीक्षकांना मराठी कळत नव्हती, बायकांना तेलुगू येत नव्हती, पण दखनी हिंदी दोन्हीकडे होती. तुळजाबाईंनी त्यांना "और एक लो, शरमाओ मत" म्हणत आग्रहाने चौथी पोळी वाढली. वीरेश सरांना तर कुणी विचारलंही नाही, सरळ ताटात तूप ओतलं.

परतताना जीपमध्ये जागा कमी पडली, म्हणून भागवतला बुद्धप्रियाच्या गाडीवर मागे बसून यावं लागलं. जीपमध्ये बायकांनी लग्नातली गाणी धरली आणि नवरदेवाच्या नावाच्या जागी डॉक्टरीणबाई घालून म्हटली. उज्वला पहिल्या दोन गाण्यांना लाजली, तिसऱ्याला टाळ्या वाजवू लागली, आणि शहर मागे पडून दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा सासूच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. तुळजाबाईंनी हाताने खूण करून गाण्याचा आवाज खाली आणवला. गाणं मात्र त्यांनी थांबू दिलं नाही.