औक्षणाचं तबक

नगराध्यक्षाच्या निवडणुकीत आमचे शाळेतले सर पडले. त्यांच्यासाठी आईने सकाळीच औक्षणाचं तबक तयार ठेवलं होतं. संध्याकाळी मिरवणूक दारात थांबली, ती दुसऱ्याचीच. गावचं तळं बुजवून गाळे बांधायला निघालेला तो माणूस, गुलालाने माखलेला, हात जोडून उभा. आईने तेच तबक उचललं.

"आई, याला ओवाळतेस?"

"अगं, गावाने निवडलाय. दारातून तसाच कसा पाठवू?"

आता पाच वर्षं हाच. तळं काही राहत नाही. हार मान्य करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. तेवढ्यात वारा सुटला, निरांजन फडफडलं. ज्योत विझू नये म्हणून आडोसा धरणारा हात माझाच होता.