बाबांच्या हातचा गॅस

भिलाईच्या नेहरू नगरात एका कोचिंगमध्ये मी केमिस्ट्री शिकवते. बायोगॅस हा त्यात दोन मार्कांचा प्रश्न. शेण, पाणी, हवाबंद टाकी, जिवाणू, मिथेन, संपलं. मुलं लिहून घेतात आणि मी पान उलटते. हल्ली मात्र ते पान माझ्याच्याने उलटत नाही. मग मी मागच्या बाकावर कोणीतरी बोलतंय असं म्हणून सगळ्या वर्गाला झापते. कोणी बोलत नसतं.

आमचे बाबा रेल्वेतले, नागपूरकडून आलेले. सारी नोकरी भिलाईच्या यार्डात डब्यांच्या दुरुस्तीत गेली. रिटायर झाल्यावर त्यांच्या सोबतच्यांनी रिसालीत घरं घेतली. यांनी उतईला गावाच्या कडेला जागा घेतली, दोन गाई घेतल्या आणि मागच्या अंगणात गोबर गॅसची टाकी बांधली. जमिनीत विटांची गोल विहीर आणि तिच्यावर उलटं ठेवलेलं मोठं लोखंडी पिंप. गॅस साठला की पिंप वर येतं, स्वयंपाक झाला की खाली बसतं. सकाळी उठून बाबा देवाच्या आधी पिंप बघायला जायचे. आई मला फोनवर सांगायची, "तुया बाबाले रेल्वेनं सोडलं अन् शेणानं धरलं."

पहिल्या वर्षी त्या गॅसला सडक्या अंड्यांचा वास यायचा आणि आईची चांदीची निरांजनं काळी पडायची. तेव्हा मीच सांगितलं, की गॅस लोखंडाच्या किसातून जाऊ द्या, वास जाईल. भिलाईत लोखंडाचा कीस मिळायला काय उशीर. आठवड्यात त्यांनी पाइपाला एक डबा जोडला, त्यात कीस भरला आणि वास गेला. त्यानंतर येईल त्या पाहुण्याला डबा दाखवून ते म्हणायचे, "पोरीचं डोकं आहे हे." माझ्या तोंडावर कधी म्हणाले नाहीत. मला ते आईकडून कळायचं.

टाकीला रोज खायला लागतं. दोन घमेली शेण, तेवढंच पाणी, आणि सोबत शिळा भात, सडकी वांगी, भाज्यांची सालं. हे सगळं एका हौदात कालवायचं आणि मग आत सोडायचं. बाबा कोपरापर्यंत हात घालून कालवायचे. काठीने नाही, हातानेच, कारण शेणात पैऱ्याच्या काड्या असतात. भाताच्या पेंढ्याला इकडे पैरा म्हणतात. त्या काड्या आत गेल्या तर वर तरंगतात, साय धरतात आणि गॅस अडतो. एकेक काडी बोटांनी शोधून ते बाहेर टाकायचे. मी नाक मुरडून उभी असायचे. ते म्हणायचे, "आज टाकलं ते आज नाई पेटत, बाई. दीड महिन्याखालचं पेटून राहिलं हे."

पाइपाच्या दुसऱ्या टोकाला आईची चूल. निळी, सरळ ज्योत, धूर नाही. चार वाजता त्यावर चहा व्हायचा आणि बाबा पहिला घोट घेऊन दर वेळी मान हलवायचे. सिलेंडरच्या चहात आणि या चहात काही फरक नसतो, मिथेन काय आणि दुसरं काय, हे मी त्यांना अनेकदा शास्त्रशुद्ध पटवून दिलं होतं. माणूस ऐकेल तर शपथ.

मग एका दिवाळीत आमचं वाजलं. त्यांचं वय झालं होतं, हौदापाशी एकदा पाय घसरून ते पडलेही होते. मी म्हटलं, गाई विका, टाकी बंद करा आणि दोघं माझ्याकडे नेहरू नगरला चला. ते नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, ते पुन्हा नाही म्हणाले. मग मला राग आला. रागात मी कोणाची नसते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "तुम्हाला पोरीपेक्षा शेण प्यारं आहे." आई चहा घेऊन आली होती. कप तसाच ठेवून मी गाडीला किक मारली आणि निघाले.

तिथून अबोला. आमच्या घरात अबोल्याची जुनी रीत आहे. जो टाकून बोलला त्याने आधी यायचं, पण टाकून कोण बोललं यावर दोघांचं एकमत होत नाही. आई दर आठवड्याला फोन करायची. मी विचारायचे, "बाबा कसे आहेत?" ती म्हणायची, "बरे आहेत." ते कदाचित तिथेच बसून ऐकत असतील असं वाटून मी मुद्दाम जास्त विचारत नव्हते. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तिळगूळ द्यायला तरी जाऊ असं ठरवलं आणि गेले नाही. जानेवारी संपता संपता एका दुपारी आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "ये आता." बाबा जेवून खाटेवर आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत.

सुतकात घरात चूल पेटली नाही. जेवणाचे डबे शेजारून यायचे, गाईंचंही शेजारच्या काकूंनीच पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात गेले. गॅस कोणी जाळलाच नव्हता, त्यामुळे पिंप होतं तेवढं वर आलं होतं आणि कडेने बुडबुडे निघत होते. मी ते बघत उभी राहिले आणि माझ्या शिकवणाऱ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. आज टाकलेलं दीड महिना गॅस देतं. थंडीत जिवाणू मंद होतात, म्हणून आणखी दहा दिवस धरू. म्हणजे बाबांनी स्वतःच्या हाताने कालवून टाकलेल्या शेणाचा गॅस अजून पंचावन्न दिवस, होळीपर्यंत, येत राहणार होता.

मी धावत आत गेले आणि आईला हे सगळं सांगितलं. म्हटलं, तेरावं झालं की मी रोज चहाला येईन, आणि होळीपर्यंत तू त्यात नवं शेण घालू नकोस. त्यांच्याच हातचं राहू दे. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बरं."

आणि मी खरंच रोज गेले. दुपारची बॅच संपली की गाडी काढायची आणि रिसालीवरून उतईचा रस्ता धरायचा. घरी पोचले की आधी पिंप बघायचं, मग चुलीपाशी बसायचं. चहा मीच ठेवायचे. दिवाळीत ठेवून गेलेला कप मी आता रोज थोडा थोडा पीत होते. मनातल्या मनात मी त्यांना सांगायचे, की शेण प्यारं आहे हे मी उगाच बोलले. की तुमचा चहा खरंच वेगळा लागतो, माझं शास्त्र चुकलं. मला बाबा हवे होते आणि जगात त्यांचं एवढंच शिल्लक होतं, पाइपातून येणारं, काडी लावली की दिसणारं. आई समोर पाटावर बसून तिचा कप संपवायची. कधी म्हणायची, "बिस्किट घे." मी घ्यायचे आणि पुन्हा ज्योतीकडे बघायचे.

गॅस कमी व्हायला हवा होता. नवं काही पडत नाही तर दर आठवड्याला पिंप थोडं खाली बसायला हवं. ते बसलं नाही. केमिस्ट्रीच्या बाईला शंका यायला हवी होती की नाही? मला आली नाही. मला वाटलं, बाबांचं काम पक्कं, काडी अन् काडी वेचून टाकलेलं. मला अभिमान वाटला.

होळीच्या सुट्टीत मी सकाळीच निघाले. माझ्या हिशेबाने शेवटचे दोन-तीन दिवस उरले होते आणि आज दोनदा चहा घ्यायचा असं मी ठरवलं होतं. पुढचं दार लोटलेलं होतं, आई घरात नव्हती. मी मागे गेले. आई हौदापाशी वाकली होती, पदर खोचलेला, उजवा हात कोपरापर्यंत शेणात. बोटांनी काड्या शोधून ती बाजूला टाकत होती. तो हात त्यात नवखा नव्हता.

मी ओरडलेच, "कावून टाकून राहिली शेण? सांगितलं होतं ना तुले!" माझ्या तोंडून अशी बोली फक्त रागात निघते.

ती दचकली नाही. म्हणाली, "टाकी उपाशी ठेवली तर मरते, बाई. मंग पुन्हा नाई जागत."

"पण मग त्यांच्या हातचं कुठं राहिलं ते?"

आईने नळाखाली हात धुतला, नीट, नखांतून. मग हौदाच्या कडेवर टेकली.

"त्यायचा हात दिवाळीनंतर पंधरा दिवसांतच गेला होता," ती म्हणाली. "खांद्यापासून उचलतच नोता. चहाचा कप मी धरत होती. तवापासून मीच कालवते. ते खुर्ची टाकून बसत अन् काड्या दाखवत."

मी मनात दिवस मोजले. मोजायला नको होते. ते गेले तेव्हाच त्यांच्या हातचा गॅस संपलेला होता. पहिल्या दिवसापासून मी जो चहा पीत होते तो त्यांचा नव्हताच.

"मले फोनवर का नाही सांगितलं? मी आले असते."

"मी सांगणार होती. ते म्हणे, हात गेला म्हणून नको बोलावू तिले. राग गेला म्हणजे येईलच."

मी खाली बसले. शेणाच्या ओल्या जमिनीवरच बसले, साडीचं भानही राहिलं नाही. किती वेळ रडले ते माहीत नाही. आईने मला उठवलं नाही, गप्पही केलं नाही. गाई दावणीला उभ्या होत्या, त्यांना तिने पैरा टाकला आणि परत आली.

शेवटी मी विचारलं, "मग मी तेराव्यापासून रोज येऊन बसत होते, तेव्हा तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशीही आली असती का तू?" आई म्हणाली.

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी हो म्हणाले, पण त्याआधी क्षणभर थांबले, आणि ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.