सासूबाईंची फुंकर

समस्त नातेवाईक, शेजारी, हितचिंतक आणि आमच्याकडच्या लग्नांत जेवून गेलेली तमाम मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या सासूबाई फुंकण्याच्या परीक्षेत नापास झाल्या. परीक्षा नेरुळला, छातीच्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात झाली. परीक्षक म्हणून कळंबोलीची एक पोरगी होती. मी साक्षीदार. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, हसू येऊ नये म्हणून भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे टक लावून बघत होतो.

आता हे प्रकरण इथवर कसं आलं, ते सांगतो.

सासूबाई शिरवण्याच्या, आगरी. मी घाटावरचा. लग्नात मला पहिल्यांदा कळलं की यांच्यात हळदीला आणि लग्नाला एक बाई गाते, तिला धवलारीण म्हणतात, आणि ती गायल्याशिवाय पुढचा विधी हलत नाही. आमच्या लग्नात ती बाई म्हणजे खुद्द माझी सासू होती. पाटावर बसून मी अंगाला हळद लागण्याची वाट बघत होतो आणि या बाई एक ओळ धरून ती सोडायलाच तयार नव्हत्या. मला वाटलं, एवढा वेळ पाण्याखाली राहिलं तर माणूस गुदमरेल. पण त्यांचा चेहरा असा की जणू भाजी निवडतायत. त्यांचा एकच कायदा होता: ओळ मधे तुटता कामा नये. श्वास घ्यायचा तो ओळ संपल्यावर.

आणि मग गेल्या वर्षी एका शेजाऱ्याच्या हळदीत ओळ तुटली. मधेच. खोकला आला, बाकीच्या बायकांनी गाणं उचलून धरलं, सासूबाई "हळद घशान गेली" म्हणून उठून आल्या. त्यानंतर कुणी बोलावणं घेऊन आलं की त्यांचा गुडघा दुखायचा. बोलावणं गेलं की गुडघा बरा.

त्याच सुमारास त्या फार माणूसवेड्या झाल्या. गावठाणातल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि त्या राहतात चौथ्या मजल्यावर, मुलाजवळ. खाली बाजारातून येताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबून कुणाची तरी बेल वाजवायच्या. सून कशी आहे, पाणी आलं का, चपला अशा का टाकल्यात. पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूला तर वाटलं, भाडं वाढणार. आम्ही कौतुकाने म्हणत होतो, आईंना वयोमानाप्रमाणे माणसांची ओढ लागली.

इकडे माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा करंजाड्याचा, तीही आगरी मंडळी, पण नव्या टॉवरमधली, हळदीला डीजे लावणारी. मुलीने एकच अट घातली. "डीजे लावा, नाच करा, काय ते करा. पण हळद लागताना आजी गाणार. अख्खं. नाहीतर मी पाटावर बसणार नाही."

सासूबाईंचा गुडघा लगेच दुखायला लागला. 

तेव्हा माझ्या मेहुण्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, तोडगा काढला. त्याच्या मोबाईलमध्ये आईचं जुनं रेकॉर्डिंग होतं. "भावजी, टेन्शन नाय. स्पीकरवर हे लावू. आई नुसते ओठ हलवेल. कोनाला कलनार हाय?"

सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की मेहुणा मोबाईल खिशात घालून गॅलरीत गेला. मग त्या मला म्हणाल्या, "जावयबापू, छातीचा डॉक्टर कुठं बसतो?"

डॉक्टरबाईंनी फार गोड आवाजात फार चोरटे प्रश्न विचारले. विडी ओढता का? सासूबाईंचा अपमान झाला. सकाळी खोकला? थोरा. कफ? थोरा. दम लागतो? नाय.

"जिन्यात थांबावं लागतं का?"

"नाय. बोलते मी."

"कुणाशी?"

"समद्यांशी."

"प्रत्येक मजल्यावर?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे. वर्षभर आम्ही ज्याला माणसांची ओढ म्हणत होतो, ते डॉक्टरबाईंनी एका प्रश्नात ओळखलं. पुढचा प्रश्न होता, स्वयंपाक कशावर. घरात गॅस आहेच, पण तांदळाच्या भाकरी खाली, इमारतीमागच्या पडवीत, चुलीवर. शिवाय आयुष्यभर भावकीतल्या प्रत्येक लग्नात भाकऱ्यांच्या चुलीपुढे याच. या भाकऱ्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक शेजारीच बसलं होतं, हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. पोटावरून त्यांनी ओळखलं असावं.

छाती तपासली, फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली. मग म्हणाल्या, "आता फुंकायची टेस्ट. श्वास किती आणि किती वेगाने बाहेर पडतो, ते मशीन सांगतं. दमा आहे की धुराने खराब झालेल्या नळ्या, की आणखी काही, हे त्याशिवाय अंदाजाने नाही सांगणार मी."

टेस्ट घेणारी पोरगी चणीने लहान, पण आवाज! कळंबोलीत ट्रकच्या अड्ड्यामागे वाढली होती, तिथे हळू बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, असं तिनेच सांगितलं. तिने सासूबाईंच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि आरोळी ठोकली, "आजी, भरून श्वास घ्या... घ्या... घ्या... आणि फुंकाऽऽ! जोरात! अजून! अजून! अजून अजून अजून!"

बाहेर बसलेले दोन ट्रकवालेसुद्धा फुंकू लागले असतील. सासूबाईंनी मात्र भरून घेतलेला श्वास अगदी बारीक, एकसारखा, रेशमाच्या धाग्यासारखा सोडला. स्क्रीनवर कडा उभा राहायला हवा होता, तिथे शिरवण्याचं जुनं शेत आलं. सपाट.

पुन्हा. पुन्हा तेच. पोरगी घामाघूम, सासूबाई शांत.

"आजी, एकदम सोडायचा ना सगळा!"

सासूबाईंनी नळी काढली. "यकदम सगला वारा सोरला, तं फुडं काय गाऊ?"

आणि मग त्यांनी सांगितलं, जे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यांना गाणं शिकवलं त्यांच्या आत्याने. ती तोंडासमोर पेटता दिवा धरायची. गाताना ज्योत हलली की पहिल्यापासून. वारा कसा वाचवायचा, कसा पुरवून पुरवून सोडायचा, एवढंच ही बाई लहानपणापासून शिकली होती. आणि आज कुणीतरी तिला म्हणत होतं, उधळून टाक.

पोरीचे डोळे चमकले. "मस्त! मग समजा आजी, तो दिवा तिकडे खिडकीत आहे. विझवा फुंकून!"

"दिव्याला फुंकर?" सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "येरी का खुली तू? मी नातीच्या वाढदिवसाला मेनबत्तीसुद्दा फुंकू देत नाय!"

हे खरं आहे. आमच्याकडे केकवरच्या मेणबत्त्या आपोआप विझेपर्यंत मुलं उभी असायची.

पोरीने कपाळाला हात लावला. सासूबाई हातातली नळी इकडून तिकडून निरखत होत्या. म्हणाल्या, "ही तं आमची फुंकनी हाय. चुलीची."

पोरीने चुटकी वाजवली. मग तिने पुन्हा चिमटा लावला, नळी दिली, आणि असा काही आवाज काढला की मी स्टुलावरून उठलोच. "आजी! व्याही दारात आलेत! लाकडं ओली आहेत! एक भाकरी झालेली नाही! श्वास घ्या भरून... आणि पेटवा चूऽऽल! फुंका! अजून! व्याही बसले! अजून अजून अजून!"

काय फुंकलं त्या बाईने! डोळे बाहेर आले, पदर उडाला. स्क्रीनवर कडा उभा राहिला. फार उंच नव्हता, पुढची उतरण खोल पोखरलेली होती, पण कडा होता. मी टाळ्या वाजवल्या. मग श्वासातून औषध देऊन थोडा वेळ बसवलं आणि परत व्याह्यांना दारात आणलं.

डॉक्टरबाईंनी कागद बघून सरळ सांगितलं. चुलीच्या धुराने श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात. हवा आत जाते, बाहेर यायला अडते. औषधाने थोडं सैल होतं, पूर्वीसारखं होत नाही. पण आहे ते टिकवता येतं.

"गाता येईल का?" सासूबाईंनी एवढंच विचारलं.

"चूल बंद केलीत आणि औषध रोज घेतलंत, तर प्रयत्न करू. वचन देत नाही."

चूल त्याच संध्याकाळी बंद झाली. तेव्हापासून मी गॅसवरची भाकरी खातो आणि तक्रार करत नाही, याची कुटुंबाने कधीच दखल घेतलेली नाही.

औषध ओढायची पावडर होती, कॅप्सूलमधली. काही दिवसांनी फरक शून्य. सासूबाईंचं म्हणणं, पंप लागला की माणूस संपला, आणि मी संपलेली नाही. त्या ते ओढायचं उपकरण पोलक्यात लपवून ठेवायच्या. करंजाड्याच्या मंडळींना कळलं तर? डॉक्टरबाईंनी चिडचिड केली नाही. "माझ्यासमोर घ्या," म्हणाल्या. सासूबाईंनी घेतलं, त्याच रेशमी धाग्याने, हळूवार. पावडर होती तिथेच.

"अहो, चूक तुमची नाही," डॉक्टरबाई हसल्या. "हे ओढावं लागतं जोरात. तुम्हाला दुसरं देते." आणि फवाऱ्याचा पंप दिला, पुढे नळकांडं लावून. त्याला श्वास हवा हळू, खोल, आणि मग आत धरून ठेवायचा.

सासूबाईंनी घेतला. धरला. डॉक्टरबाई बोटं मोजत होत्या, बोटं संपली. सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना वाचत होत्या.

"हे शिकवताना माझा दम जातो," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही शिकून आलात!" जिना चढताना ओठ चंबू करून श्वास हळूहळू सोडा, समोर ज्योत आहे असं समजा आणि ती विझवू नका, असं त्या समजावू लागल्या, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. पुढच्या खेपेला मी गाडी लावून आत आलो, तर बाहेरच्या बाकावर त्या एका आडदांड ट्रकवाल्याला पंप कसा ओढायचा ते शिकवत होत्या. "हलू! हलू रे! ताडी पितोस का?"

हळदीच्या दिवशी मांडव भरला. करंजाड्याची मंडळी पुढे बसली होती. मेहुणा स्पीकरजवळ मोबाईल घेऊन तयार, जर गरज पडली तर. डॉक्टरबाईंना यायला जमलं नाही, पण टेस्टवाली पोरगी आली, नवीन साडी नेसून, आणि माझ्या शेजारी बसली. मुलगी पाटावर बसली. तिचं लक्ष आजीकडे.

सासूबाईंनी पोलक्यातून पंप काढला. सगळ्यांसमोर. नळकांडं जोडलं, घेतला, श्वास धरला, आणि होणाऱ्या व्याह्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून सोडला. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे चूळ भरून आल्या.  काही बोलायची कुणाची छाती होती?

मग गायला लागल्या. आवाज पूर्वीपेक्षा पातळ झाला होता. पहिली ओळ नीट गेली, दुसरीही. तिसरी लांबलचक, जिथे शेजाऱ्याकडे तुटली होती, तीच. हळदीचा हात नातीच्या गालापाशी पोचला आणि ओळ अजून चालूच. बायका थांबल्या. मेहुण्याचा अंगठा मोबाईलवर गेला. सासूबाईंच्या मानेची शीर ताठ झाली, ओठांचा चंबू झाला, आणि तो धागा बारीक होत होत पुढे सरकत राहिला, तुटेना. मांडवात कुणी श्वास घेत नव्हतं. माझ्या शेजारची पोरगी खुर्चीच्या काठावर आली होती, दोन्ही मुठी आवळलेल्या. आणि त्या शांततेत, कळंबोलीच्या ट्रक अड्ड्यावर कमावलेल्या आवाजात, तिच्या तोंडून निघून गेलं:

"आजी, बास! आता सोडा!"