झाकणाला बांधलेली चिंधी

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली ती घटना अजून मनातून जात नाही. पोलिसांतल्या नोकरीतली खून-दरोड्यांची प्रकरणं विसरलो, पण तिथली एक गाठ लक्षात राहिली.

गोपाळकाला आठवड्यावर आला होता. एका डाईंग मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनचं झाकण उघडताना उकळतं पाणी उसळलं आणि ऑपरेटरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आतला दाब उतरेपर्यंत उघडू नये म्हणून त्या झाकणाला लॉक असतं. पंचनाम्यात ते लॉक चिंधीनं बांधून निकामी केलेलं आढळलं. ऑपरेटरच्या बायकोनं फिर्याद दिली की हे काम सुपरवायझरचंच, त्याला माल लवकर हवा असायचा. सुपरवायझर हात जोडून नाही म्हणत होता. बाहेर ऑपरेटरच्या गावाकडच्या खान्देशी मंडळींचा जमाव, वरून अटकेसाठी फोनवर फोन. मी धुळ्याकडचा, म्हणून जमावाची अपेक्षा जरा जास्तच.

चिंधी जप्त करताना मी गाठ न सोडता बाजूला कापली होती. ती माझी जुनी खोड. दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं.

तिसऱ्या दिवशी मिलसमोरच्या चहावाल्यानं आमच्या हवालदाराला सांगितलं की सुपरवायझर मशीनला हातही लावत नाही, साहेबांनी संध्याकाळी गोविंदांचा सराव बघावा. मैदान पाच मिनिटांवर. हेल्मेट आरशालाच लटकवून मी दुचाकीवरून निघालो.

भाजलेला ऑपरेटर याच पथकात सर्वांत वर चढायचा. त्याच मशीनवरचा त्याचा जोडीदार पथकाचा प्रमुख होता. चाळिशीचा, शिस्तीचा गडी. चढणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेची दोरी तो स्वतः बांधायचा आणि तीनदा ओढून बघायचा. एकानं दोरी नको म्हटलं, तर त्याला सरळ घरी पाठवलं. मी जवळ जाऊन गाठ पाहिली. दोन वेढे, टोक आत.

त्या प्रमुखाच्या चौकशीत मी आवाज चढवला नाही. फक्त चिंधी टेबलावर ठेवली. त्यानं गाठीवर बोट ठेवलं.

"रोजनं बांधतस आम्ही, साहेब. कधी काही व्हयनं नही."

मशीन थंड होईपर्यंत थांबलं की सरावाला उशीर होतो, एवढंच कारण. ऑपरेटरला सगळं ठाऊक होतं. बायकोला मात्र दोघांनीही सांगितलं नव्हतं, आणि एक माणूस फुकट तुरुंगात जाण्याच्या बेतात होता. मला संताप आला. मैदानावर दोरी तीनदा का ओढतोस, असं मी विचारलं.

"तठे भ्याव वाटस. मशीनवर कधी वाटनं नही."

नोकरीत बेदरकार माणसं मी पुष्कळ पाहिली. हा तसा नव्हता, म्हणून संतापाबरोबर वाईटही वाटलं. रोज टळणारा धोका माणसाला हळूहळू कामाचाच भाग वाटू लागतो, हे मी त्याच्याकडून शिकलो.

जबाबावर सही घेऊन बाहेर आलो. ऑपरेटरची मूठ आता वळणार नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. दुचाकीवर बसलो. हेल्मेट आरशालाच होतं. घर जवळच, आणि इतक्या वर्षांत कधी काही झालं नव्हतं. हे मनात आलं आणि मी थांबलो. हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि तीनदा ओढून बघितला.